रणदिव्यांच्या जीपचं उजवं वळण

देवदत्त रणदिव्यांची जीप डावीकडे झकास वळत असे. उजवीकडे वळायचं म्हटलं की मात्र तिला मैदान लागायचं, आणि अंधेरी पूर्वेला रस्त्यात मैदान मिळत नाही. सरळ जातानाही ती जरा डुलायची. म्हणजे स्टिअरिंग चार बोटं इकडेतिकडे हललं तरी चाकांना त्याची खबर नसायची. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाने असली गाडी बाळगावीच का, हा प्रश्न सुखदा सोसायटीतल्या अठ्ठावीस घरांपैकी सव्वीस घरांनी विचारून झाला होता. उरलेल्या दोनांतलं एक घर रणदिव्यांचं स्वतःचं आणि दुसऱ्याला गेली चार वर्षं कुलूप होतं.

या दुखण्याची सुरुवात दसऱ्याच्या दोन दिवस आधी झाली, आणि तीही भक्तिमार्गाने. मरोळच्या बाळा पेडणेकरने जीप चार इंच उंच करून दिली होती, मोठे टायर घातले होते, आणि जुन्या लुकड्या स्टिअरिंगच्या जागी नवं, छोटं, जाडजूड स्टिअरिंग बसवलं होतं. त्याला तीन दांड्या होत्या, तिन्ही सारख्या अंतरावर. त्यामुळे ते कसंही फिरवलं तरी एखादी दांडी वर येऊन उभी राहायची आणि हीच खरी वरची असं वाटायचं. जीप घरी आली त्या संध्याकाळी रणदिव्यांनी ती पार्किंगमध्ये लावली आणि स्टिअरिंगच्या बरोबर मध्यावर दोन इंचांचा पितळी गणपती दुहेरी टेपने चिकटवला. बत्तीस वर्षं इमारतींच्या पाइपलाइनचे नकाशे काढलेला माणूस. गणपती बसवताना त्यांनी गुण्या लावला होता. आपण काढलेल्या रेघेला पट्टी लावून बघणारा अजून जन्माला यायचा आहे, असं त्यांचं स्वतःबद्दलचं नम्र मत होतं.

गुण्या अगदी काटकोनात होता. पार्किंगमध्ये उभ्या जीपची पुढची चाकं मात्र किंचित वळलेली होती, आणि तिकडे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी झेंडूची फुलं आणायला दोघं बाहेर पडली. जीप सरळ रस्त्याला लागली आणि गणपतीबाप्पा आडवे झाले. चांगले शेषशायी विष्णूसारखे, कुशीवर.

"अरे देवा," शुभा म्हणाली, "गणपती झोपलाय."

शुभा नवऱ्यालाही देवाच म्हणते, त्यामुळे ही हाक नेमकी कुणाला होती ते सांगता येत नाही. पण रणदिव्यांनी ती आपल्यावर घेतली.

एखाद्या साध्या माणसाने गणपती काढून सरळ चिकटवला असता. पण एक तर बसवलेला गणपती असा उचलायचा नसतो. आणि दुसरं म्हणजे, आपण गुण्या लावून बसवलेली वस्तू वाकडी असूच शकत नाही. याचा अर्थ गणपती सरळ आहे आणि जीप वाकडी. या सिद्धान्ताला इंटरनेटवरचा एक ऑस्ट्रेलियन दाढीवालाही साक्षीला उभा राहिला. जीप उंच केली की स्टिअरिंग वाकडं दिसतं, मग स्टिअरिंगच्या बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या लांब रॉडची लांबी कमीजास्त करावी लागते, असं तो तीन व्हिडिओंत मिळून सांगत होता. रणदिव्यांनी जुनी सतरंजी अंथरली, दोन पाने घेऊन जीपखाली शिरले, आणि दीड तास त्या रॉडशी झुंज घेतली. बाहेर आले तेव्हा कोपरं सोलवटली होती, पण चाकं सरळ होती आणि गणपतीही सरळ बसला होता. दांड्याही होत्या तशाच दिसत होत्या, कारण त्या कायम तशाच दिसायच्या. करायला गेला गणपती आणि झाला मारुती अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे गणपती जागच्या जागी शाबूत होता, मारुती जीपचा झाला होता. पण ते कळायला अजून तीन आठवडे होते. आणि देवाचं केलेलं काम माणूस चारचौघांत सांगत फिरत नाही, म्हणून रणदिव्यांनी या रॉडप्रकरणाचा उच्चार शुभाजवळसुद्धा केला नाही.

दसऱ्याला यथासांग पूजा झाली. हार, नारळ, आपट्याची पानं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. सोसायटी खाली जमली होती. रणदिवे वर चढून बसले आणि एक विजयी फेरी मारायला निघाले. फाटकाबाहेर पडलं की उजवीकडे वळावं लागतं. जीप अर्धी वळली आणि पुढे वळेना. रणदिव्यांनी ती मागे घेतली, पुन्हा पुढे नेली, पुन्हा मागे घेतली. तिसऱ्या खेपेला फाटकाजवळची जास्वंदीची कुंडी गेली. सोनं घेऊन उभ्या असलेल्या माणसांनी ते परत खिशात ठेवलं.

कुंडी सोसायटीच्या सेक्रेटरी उत्तरा कर्णिक यांची होती. दुसऱ्या दिवशी रणदिव्यांच्या दाराखालून पत्र आत आलं. विषय: 'आपल्या वाहनाच्या वर्तनाबाबत'. यापुढे सर्व चारचाकी वाहनांनी प्रवेशद्वारातून एकाच प्रयत्नात बाहेर पडावे, अन्यथा बाब सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येईल, असं त्यात म्हटलं होतं. रणदिव्यांनी तीन पानी उत्तर लिहिलं. 'प्रयत्न' या शब्दाची व्याख्या उपविधीत नाही, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. उत्तराताईंनी त्यावर एका ओळीत कळवलं, की व्याख्या नसली तरी कुंडी होती.

मग सल्ल्यांची सुगी सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या हर्षदभाईंचं घाटकोपरला नळांचं दुकान आहे, त्यामुळे कुठल्याही दुखण्याचं मूळ प्रेशरमध्ये असतं यावर त्यांची श्रद्धा. त्यांनी टायरमधली हवा कमी करायला लावली. जीप जास्त डुलायला लागली, तेव्हा वाढवायला लावली. मग ती डुलण्याऐवजी उड्या मारायला लागली. मग पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे झाले. शुभाच्या बहिणीने फोनवरून लिंबू-मिरची सुचवली आणि ती बांधलीही गेली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, पण बंब रोज नवा. शेवटी रणदिव्यांनी चाकं कॉम्प्युटरवर तपासून घेतली. तिथल्या माणसाने स्टिअरिंग सरळ धरायचं म्हणून गणपतीकडे पाहिलं, मनोभावे नमस्कार केला, गणपती नीट उभा केला आणि मोजमाप घेतलं. सगळं बिनचूक निघालं, तसा छापील कागदही मिळाला. रणदिव्यांनी तो घडी घालून पाकिटात ठेवला आणि विषय निघाला की, आणि न निघाला तरी, लोकांना दाखवू लागले.

दरम्यान जीप चालवणं बंद ठेवावं, असं शुभाने दोनदा सुचवलं होतं. रणदिवे म्हणाले, गाडी बंद ठेवणं म्हणजे उत्तराताईंचं म्हणणं कबूल करणं. त्यांनी उजवं वळण टाळून जगायची पद्धत शोधून काढली. उजवीकडे जायचं असेल तर सरळ पुढे जायचं, मग डावीकडे, पुन्हा डावीकडे आणि पुन्हा डावीकडे. तीन डावी वळणं बरोबर एक उजवं वळण, हे त्यांनी कागदावर काढूनही दाखवलं. कागदावर ते शोभून दिसतं. प्रत्यक्षात गोरेगावच्या मेहुणीकडे निघालेली दोघं एकाच चौकातून तीनदा गेली, तेव्हा तिथल्या हवालदाराने शिट्टी मारून जीप बाजूला घ्यायला लावली. रणदिव्यांकडे जीपचे सगळे कागद फाइलमध्ये, क्रमांक घालून, अनुक्रमणिकेसह होते. हवालदाराने अनुक्रमणिका वाचली आणि तो गोंधळला. कागद असे असणाऱ्या माणसाने काहीतरी मोठंच केलेलं असणार, असं त्याला वाटलं असावं. साहेब, कुणाला शोधताय का, असं त्याने विचारलं. रणदिव्यांनी तीन डाव्या वळणांचा सिद्धान्त सांगितला. हवालदार शांतपणे ऐकून म्हणाला की माझ्या मेव्हण्याचंही असंच होतं, पण त्याचं गाडी न चालवता होतं.

हा घाव वर्मी लागला. त्या दिवशी घरी येऊन रणदिव्यांनी जे केलं, ते करायला नको होतं.

'चिखलवीर' नावाचा एक ग्रुप आहे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतचे बारा जीपवाले त्यात आहेत आणि रविवारी चांगला रस्ता सोडून चिखल शोधत हिंडतात. रणदिवे त्यांच्यातले ज्येष्ठ. त्यांच्या शब्दाला तिथे वजन होतं, कारण ते मोजून बोलतात असा समज होता. या वर्षी चिखलवीर डिसेंबरात कोकणात उतरणार होते आणि बाराही जीपा तयार करायचं काम बाळा पेडणेकरकडे जायचं जवळजवळ ठरलं होतं. बाळाचे वडील गिरणीत होते. बाळाने मरोळच्या एका गाळ्यात वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली पाने धरले होते आणि आत्ता कुठे स्वतःचा गाळा घेतला होता. पाटी अजून रंगवायची होती. त्याच्यापाशी होतं ते फक्त नाव, की बाळाने हात लावलेली गाडी दगा देत नाही.

रणदिव्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'मित्रहो, अत्यंत खेदाने नमूद करतो, की मरोळ येथील कारागिराने स्टिअरिंगच्या कामात अक्षम्य हलगर्जीपणा केला आहे. मी स्वतः तांत्रिक क्षेत्रातील असल्याने हे जबाबदारीने म्हणतो. बारा कुटुंबांचे प्राण अशा हातांत द्यावेत का, याचा ज्याने त्याने विचार करावा.' सोबत कॉम्प्युटरच्या कागदाचा फोटो. मग तेच सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं, उत्तराताईंनाही कळावं म्हणून.

विचार सगळ्यांनी लगेच केला. चार जणांनी बाळाला गाडी द्यायची ठरवली होती, ती रद्द केली. बाकीच्यांनी रविवारच्या बैठकीत बघू म्हणून सांगितलं. रणदिव्यांना बरं वाटायला हवं होतं. जेवताना शुभा एवढंच म्हणाली, की तो माणूस परवा फोनवर आपल्या नव्या गाळ्याची पाटी मराठीत मोठी करू की इंग्रजीत मोठी करू, असं तुझा सल्ला मागत होता. रणदिव्यांनी आमटी पुन्हा वाढून घेतली आणि ती खाल्ली नाही.

शनिवारी बाळाचा फोन आला. तो भांडेल अशी रणदिव्यांची तयारी होती, उत्तरं काढून ठेवली होती. बाळा भांडला नाही.

"साहेब, वाचलंय मी," तो म्हणाला. "माझा काय चुकला आसात तर मी हात जोडून कबूल करतलंय. पण गाडी माका बघूक होयी. उद्या सकाळी आणा, तुमच्या मिटिंगेच्या आदी."

रविवारी सकाळी दोघं मरोळला निघाली. शुभा मुद्दाम आली, कारण नवरा एकटा गेला तर अनुक्रमणिका काढेल हे तिला माहीत होतं. अर्ध्या तासाचं अंतर डावीकडे वळत वळत त्यांनी सव्वा तासात कापलं. वाटेत रणदिवे म्हणाले, की कारागिराने चूक मान्य केली तर आपण मोठ्या मनाने ग्रुपवर तसं लिहू. शुभा खिडकीबाहेर बघत होती.

गाळ्यात बाळाचे दोन मिस्त्री होते आणि शेजारच्या गाळ्यातला वेल्डर चहा घेऊन उभा होता. बाळाने कॉम्प्युटरचा कागद वाचला नाही. हर्षदभाईंचं म्हणणं काय होतं तेही विचारलं नाही. त्याने रणदिव्यांना खाली उतरवलं, पुढची चाकं जॅकवर उचलली, आणि वर बसून एक चमत्कारिक गोष्ट केली. डोळे मिटून घेतले. मग स्टिअरिंग डावीकडे फिरवत नेलं, पार अडेपर्यंत. तिथून उजवीकडे मोजत फिरवायला लागला. एक. दोन. तीन. तीनच्या पुढे थोडं गेलं आणि कट्ट झालं. बाळाने डोळे उघडले, खाली उतरून जीपखाली गेला, आणि बराच वेळ आतच राहिला.

"साहेब," खालून आवाज आला, "ह्यो रॉड कोणी फिरवलो?"

शुभाने नवऱ्याकडे पाहिलं. रणदिव्यांनी सोलवटल्याचे वण अजून न गेलेली कोपरं हळूच पाठीमागे घेतली, जणू कोपरं बोलणार होती.

बाळा बाहेर आला. रॉडच्या दोन्ही टोकांना आपण पिवळ्या रंगाच्या खुणा केल्या होत्या, त्या आता एकमेकींसमोर नाहीत, असं त्याने सांगितलं. त्याने रॉड खुणेवर परत आणला. मग पुन्हा वर बसला, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा मोजलं. या वेळी चार पूर्ण फेरे भरले; रॉड फिरवल्याने उजवीकडे कमी पडणारा फेरा परत आला होता. चारातले दोन परत घेऊन तो थांबला. स्टिअरिंगचा बॉक्स बरोबर मध्यावर होता, पुढची चाकं नाकासमोर होती, आणि बाप्पा कुशीवर आडवे पडले होते.

बाळा बाप्पांकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो हसला नाही, हे रणदिवे आयुष्यभर विसरणार नाहीत.

"गणपती फिरवूक होयो होतो, साहेब," तो हळूच म्हणाला. "तुमी गाडी फिरवलात."

रणदिव्यांचे कान तापले. बत्तीस वर्षांत त्यांच्या नकाशावर लाल पेन्सिल फारशी चालली नव्हती, आणि आता सतरंजी अंथरून, पाने लावून, त्यांनी स्वतःच्या हातांनी एका सरळ गाडीचं वाकडं केलं होतं, आणि वर दुसऱ्या माणसाचं नाव दोन ग्रुपांत घालवलं होतं. बोलायला तोंड उघडलं, तर 'तसं तांत्रिकदृष्ट्या' एवढेच शब्द बाहेर आले.

बाळाने त्यांना तिथेच थांबवलं. कोणाला काही सांगू नका म्हणाला. रॉड ढिला झाला होता, बाळाने कसून दिला, असं सांगा, तुमचाही मान राहील आणि माझंही भागेल. माणसाचं चुकतं. मग तो चपला काढून आला, हातपाय धुतले, आणि नायलॉनचा दोरा मागवला. दोऱ्याने टेप कापून गणपती सोडवायचा होता. पण बसवलेला देव, त्याला न विचारता कसा हलवायचा? बाळाने स्टिअरिंगसमोर हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे कोकणातल्या माणसाचा देवाशी सरळ व्यवहार. एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी साथ द्यायची.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मिस्त्री आणि वेल्डर म्हणाले. देवा या हाकेला रणदिव्यांचीही मान सवयीने वर झाली होती. ती त्यांनी खाली घेतली.

"आज ह्या मरोळात तुझ्या पायाकडे ही गाडी उभी असा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या कामात कोणाकडसून काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल म्हाराजा!"

"थांबा," रणदिवे म्हणाले.

सगळे थांबले. वेल्डरचं 'होय' तोंडातच राहिलं.

"कोणाकडसून म्हणजे काय? देवाला कसं कळणार? नाव घ्या."

बाळा अवघडून म्हणाला, की साहेब, गाऱ्हाण्यात असंच म्हणायचं असतं, चुकणाऱ्याचं नाव घेत नाहीत.

"घ्या तुम्ही, बाळा," रणदिवे म्हणाले. इतकी वर्षं ते बाळाला अरे-तुरे करत आले होते. "देवदत्त यशवंत रणदिवे, सुखदा सोसायटी, अंधेरी पूर्व. माझी चूक आहे, मी एकट्याने केली आहे, तिच्यात कुणाचा हात नाही. ती अशी बेनामी जाऊ देणार नाही मी." त्यांनी मोबाइल काढून शुभाच्या हातात दिला. "रेकॉर्ड कर. दोन्ही ग्रुपवर जाऊ दे. उत्तराताईंनाही."

शुभाने मोबाइल समोर धरला. या माणसाच्या ताठ्याने तिने तीस वर्षं डोकं धरलं होतं, आणि आज त्याच ताठ्याचा तिला इतका अभिमान वाटला की तिने तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. "देवा, शोभलास," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

बाळाने घसा साफ केला. "देवदत्त यशवंत रणदिव्यांकडसून ह्या रॉडाच्या कामात चूक झाली म्हाराजा, ती पोटात घाल म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि बाळा पेडणेकराकडसून..." बाळा थांबला. स्वतःच्या निर्दोषपणाची ग्वाही स्वतःच देवापुढे कशी द्यायची? त्याने पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडला.

रणदिवे पुढे झाले. बाळाशेजारी उभं राहून त्यांनी हात जोडले आणि येत नसलेल्या मालवणीत खणखणीत आवाज लावला.

"बाळा पेडणेकरांच्या कडसून काही एक चुकला नाही म्हाराजा!"

मालवणीची पार वाट लागली होती. पण "होय म्हाराजा" एवढ्या जोरात आलं, की गाळ्याबाहेरून जाणारे दोघे जण काहीएक न कळता तेच म्हणून पुढे गेले.

गणपती सुटला, पुसला गेला आणि नीट उभा बसला. या वेळी तो बाळाने बसवला, आणि रणदिव्यांनी गुण्या देऊ केला तो नको म्हणाला. मग रॉडचे नट शेवटचे कसायला तो जीपखाली शिरला. रणदिवे स्टुलावर बसून होते. बैठकीची वेळ झाली होती आणि ते तिथे नव्हते, त्यांचा आवाज मात्र तिथे पोचला होता.

शुभाच्या हातातला मोबाइल वाजला. चिखलवीरांपैकी मुलुंडच्या एकाने लिहिलं होतं, होय म्हाराजा. शुभाने ते मोठ्याने वाचलं. मग बोरिवलीच्याने लिहिलं. तिने तेही वाचलं. मग धडाधड येत गेली. तिसरं, चौथं, सातवं. हर्षदभाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर 'होय महाराज, पण प्रेशर पण बघून घ्या' असं लिहिलं. उत्तराताईंनी नुसते जोडलेले हात पाठवले. अकरावं 'होय म्हाराजा' आलं आणि चिखलवीर संपले, कारण बारावे स्वतः रणदिवे. त्यांनी मोबाइल मागून घेतला, चष्मा चढवला आणि बारावं स्वतः लिहिलं.

जीपखाली पान्याचा आवाज कधीचा थांबला होता. बाहेर दोन पाय दिसत होते, अगदी स्थिर. मिस्त्री उगाच हात पुसत राहिले.

मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्यामागून बाळाचा.

"साहेब, ह्येच्या फुडे रॉडाक हात लावू नकात."

"नाही लावणार," देवदत्त यशवंत रणदिवे म्हणाले.